सरकारचंही ‘नवं-जुनं’ : रुपयातले वीस पैसे व्याजाला जातात, ते कुणाच्या घरी?

मार्च उजाडला की गावोगावच्या विकास सोसायटीत एकच लगबग असते, नवं-जुनं करायची. ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याजाची सवलत मिळते आणि पुढच्या हंगामाला नवं कर्जही मिळतं. पण मार्चमध्ये हातात रोख असते कुणाच्या? मग कुणी पाहुण्याकडून, कुणी आडत्याकडून, कुणी सरळ शेकड्यानं पैसे उचलतो. आठ-पंधरा दिवसांसाठी ते सोसायटीत भरतो आणि नवं कर्ज खात्यावर आलं की ज्याचे त्याला परत करतो. कागदावर कर्ज फिटलं. खरं तर ते तिथंच आहे, तारीख तेवढी बदलली.

हे आज सांगायचं कारण असं की येत्या १ फेब्रुवारीला केंद्राचा नवा अर्थसंकल्प येतोय, त्यानंतर मार्चमध्ये राज्याचा. टीव्हीवर लाख कोटींचे आकडे धो-धो पडतील. मोबाईलवर मेसेज फिरतील की प्रत्येक माणसाच्या डोक्यावर इतकं कर्ज झालं, देश विकायला काढला. दुसऱ्या बाजूनं मेसेज येतील की आपण जगात चौथ्या नंबरवर आलो. या दोन्हींच्या मधे सरकारच्या पैशाचा हिशेब समजून घ्यायचा तर सोसायटीतलं नवं-जुनं डोळ्यासमोर ठेवा. दिल्लीतलं सरकारही दरवर्षी तेच करतं.

चालू वर्षाचा, म्हणजे २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प घ्या. सरकारनं बाजारातून एकूण १४.८२ लाख कोटी रुपयांचं कर्ज उचलायचं ठरवलं. त्यातली नव्यानं वाढणारी रक्कम ११.५४ लाख कोटी. मधले सव्वातीन लाख कोटी गेले कुठं? मुदत भरलेली जुनी कर्जं फेडायला. हेच नवं-जुनं. फरक इतकाच की सरकारला त्यासाठी पाहुण्याच्या दारात जावं लागत नाही. सरकार रोखे काढतं आणि ते घ्यायला बँका रांगेत उभ्या असतात.

एका रुपयाचा हिशेब

अर्थसंकल्पासोबत सरकार दरवर्षी एक चित्र छापतं. रुपया कुठून आला, कुठं गेला. या वर्षीच्या चित्रात येणाऱ्या रुपयातले २४ पैसे कर्जाचे आहेत. प्राप्तिकराचे २२ पैसे, जीएसटीचे १८, कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराचे १७. बाकी किरकोळ. जाणाऱ्या रुपयात २२ पैसे राज्यांना त्यांच्या कराचा वाटा म्हणून जातात, आणि त्यानंतर सगळ्यात मोठा घास व्याजाचा, २० पैसे. संरक्षणाला ८ पैसे. खतं, रेशन, गॅस असं सगळं धरून सबसिडीला ६ पैसे.

म्हणजे २४ पैसे उसने घेतले आणि त्यातले २० पैसे आधीच्या उसनवारीचं व्याज भरण्यात गेले, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही.

रुपये-पैशात हे लहान वाटतं. खरा आकडा १२ लाख ७६ हजार कोटींचा आहे. रोजचे जवळपास साडेतीन हजार कोटी. अख्ख्या देशात वर्षभराच्या रोजगार हमीला या अर्थसंकल्पात ८६ हजार कोटी ठेवले होते, ते व्याजाच्या पंचवीस दिवसांइतके झाले. पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे हप्ते देशभरातल्या सगळ्या शेतकऱ्यांना द्यायला वर्षाला ६३ हजार ५०० कोटी लागतात, ते व्याजाच्या अठरा दिवसांत संपतात.

आता कुणी म्हणेल, मग कर्ज काढूच नये. तसंही नाही. विहीर पाडायला, पाइपलाइन करायला काढलेलं कर्ज आणि लग्नाच्या मांडवाला काढलेलं कर्ज यातला फरक आपल्याकडं शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यालाही कळतो. केंद्र सरकार या वर्षी रस्ते, रेल्वे, बंधारे असल्या टिकाऊ कामांवर ११ लाख २१ हजार कोटी खर्च करणार आहे. ही विहीर झाली. तिला पाणी लागलं तर कर्ज फिटेल. तुटीचं प्रमाणही कोरोनाच्या वर्षात देशाच्या उत्पन्नाच्या ९ टक्क्यांच्या वर गेलं होतं, ते या वर्षी ४.४ टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. त्याचं श्रेय द्यायला हवं.

व्याज घेतो कोण?

हा प्रश्न टीव्हीवर कुणी विचारत नाही. रोज साडेतीन हजार कोटी व्याज जातं, तर ते कुणाच्या तरी खिशात जात असणारच ना? आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं की ते जागतिक बँकेला किंवा अमेरिकेला जातं. तसं नाही. केंद्र सरकारचं बहुतांश कर्ज रुपयातलं आहे आणि देशातल्या देशातच घेतलेलं आहे. सरकारचे रोखे सगळ्यात जास्त बँकांकडं आहेत. त्यांच्याकडच्या ठेवींतला ठरावीक हिस्सा, सध्या १८ टक्के, असल्या सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचं बंधनच आहे. बँकांच्या मागोमाग विमा कंपन्या, त्यात एलआयसी आलीच. मग प्रॉव्हिडंट फंड, आणि स्वतः रिझर्व्ह बँक.

म्हणजे तुमच्या वडिलांनी काढलेली एलआयसीची पॉलिसी, तालुक्याच्या बँकेत ठेवलेली एफडी, साखर कारखान्यातल्या कामगाराचा पीएफ, यातला पैसा फिरून सरकारकडं जातो आणि सरकारचं व्याज फिरून त्या खात्यांवर येतं. देशाचं कर्ज देशातल्याच बचतीवर उभं आहे. चांगली गोष्ट आहे.

पण यात एक गोम आहे. बचत ज्याची मोठी, त्याला व्याजाचा वाटा मोठा. ज्याची एक लाखाची एफडी आहे त्याच्या वाट्याला थोडं, ज्याचे पन्नास कोटी फंडात आहेत त्याच्या वाट्याला भरपूर. आणि ज्या बाईनं आयुष्यात कधी एफडी केली नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिच्या वाट्याला काहीच नाही. व्याज भरायला मात्र ती आहे. कशी, ते बघा.

तुम्ही हे ज्या मोबाईलवर वाचताय त्याचं रिचार्ज समजा २९९ रुपयांचं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे २९९ मधले जवळपास ४६ रुपये कर. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. हे ४६ रुपये त्या खुरपणाऱ्या बाईचेही तितकेच आणि मुंबईत समुद्राकाठी बंगला असलेल्या माणसाचेही तितकेच. तिच्या दृष्टीनं ते पावसाळ्यातल्या दुपारच्या काही तासांची मजुरी आहे, त्याच्या दृष्टीनं काहीच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर कमी झाले हे खरं. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर आली. ट्रॅक्टर १२ वरून ५ वर, ट्रॅक्टरचे टायर १८ वरून ५ वर. हा दिलासा खरा आहे, उगीच नाकारण्यात अर्थ नाही. पण औषध फवारणीचं काय? रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के तसेच राहिले. पाच हजारांचं औषध घेतलं की नऊशे रुपये कर. दुकानदार त्यानं भरलेला कर पुढं वजा करून घेतो, कंपनी वजा करून घेते. शेतकऱ्याच्या मालावर जीएसटी नाही, त्यामुळं त्याला वजा करायला जागाच नाही. साखळीत शेवटी तोच उभा, आणि सगळा कर त्याच्या अंगावर. शहरातला एखादा पाहुणा चहा पिता पिता म्हणतो ना, “तुम्हाला काय, शेतकऱ्याला टॅक्सच नाही”, त्याला औषधाच्या दुकानाचं बिल दाखवा.

वरच्यांच्या कराचं काय झालं

२० सप्टेंबर २०१९. गोव्यात पणजीला जीएसटी परिषदेची बैठक होती. त्या दिवशी सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी तिथूनच जाहीर केलं की कंपन्यांच्या नफ्यावरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्के करत आहोत, आणि नव्या कारखान्यांना फक्त १५ टक्के. अट एवढीच की कंपनीनं बाकीच्या सवलती सोडायच्या. यानं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल, हा अंदाज सरकारचाच. हेतू असा की कंपन्यांच्या हातात पैसा राहील, त्या नवे कारखाने काढतील, रोजगार वाढेल. कारखाने किती वाढले यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतायत. रुपयाच्या चित्रात मात्र फरक पडला. आज पगारदार आणि इतरांचा प्राप्तिकर २२ पैसे देतो आणि कंपन्या १७ पैसे.

संपत्ती कराची गोष्ट आणखी जुनी. तो १९५७ मध्ये आला होता. २०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी तो बंद केला. कारण दिलं की त्यातून वर्षाला जेमतेम हजार कोटी मिळतात आणि वसुलीचा खटाटोप जास्त. त्याऐवजी कोटीच्या वर उत्पन्न असलेल्यांवर दोन टक्के जादा अधिभार लावला. हिशेबानं ते बरोबरही होतं. पण इतक्या मोठ्या देशात संपत्तीवरचा कर हजार कोटीच का देत होता, त्यातल्या पळवाटा कुणासाठी ठेवल्या होत्या, हे कुणी विचारलं नाही. वारसा म्हणून मिळणाऱ्या मोठ्या इस्टेटीवरचा कर तर १९८५ मध्येच गेला.

मार्च २०२४ मध्ये पॅरिसच्या वर्ल्ड इनिक्वालिटी लॅबच्या अभ्यासकांनी भारताबद्दल एक निबंध काढला. त्यांच्या हिशेबानं २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडं एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. शंभर घरांचं गाव धरलं तर एका वाड्यात चाळीस टक्के, उरलेल्या नव्व्याण्णव घरांत मिळून साठ टक्के.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. जागतिक बँकेच्या आकड्यांवर बोट ठेवून सरकार म्हणतं की भारत उलट जगातल्या समान देशांपैकी आहे, आणि अतिगरिबीत जगणाऱ्यांचं प्रमाण २०११-१२ मधल्या १६.२ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये २.३ टक्क्यांवर आलं. गरिबी घटली हे नाकारता येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या आपल्या वस्त्या आठवून बघा. पण समानतेचा जो आकडा दिला जातो तो खर्चाच्या पाहणीवरचा आहे. घरोघर जाऊन विचारायचं, महिन्याला डाळ किती, तेल किती, कपडे किती. श्रीमंत माणूस खाऊन खाऊन किती खाईल? त्याची वाढ ताटात दिसत नाही, शेअरमध्ये आणि जमिनीत दिसते. आणि असल्या पाहण्या करणाऱ्यांना टॉवरच्या चाळिसाव्या मजल्यावर कोण घेतं? त्यामुळं खर्च मोजला तर देश समान दिसतो आणि संपत्ती मोजली तर विषम. दोन्ही आकडे खरे असू शकतात. आमच्या मते कर कुणावर लावायचा हे ठरवताना दुसरा आकडा बघायला हवा, कारण कर खाल्लेल्या भाकरीतून नाही, साठलेल्यातून द्यायचा असतो.

आपल्या राज्याचंही तसंच. महाराष्ट्राचं दरडोई उत्पन्न २०२३-२४ मध्ये २ लाख ७८ हजार ६८१ रुपये होतं. पाच माणसांच्या घराला महिन्याला एक लाख सोळा हजार. तुमच्या वाडीत अशी किती घरं आहेत ते मोजा. यात मोठ्या कंपन्यांचे नफेही धरलेले असतात, मुंबई-ठाणे-पुणे धरलेलं असतं, आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीही त्याच सरासरीत बुडून जातात.

राज्याची तिजोरी

मोबाईलवर फिरणारा मेसेज असा असतो: महाराष्ट्रावर ९ लाख ३२ हजार कोटींचं कर्ज, म्हणजे माणशी सत्तर हजारांच्या वर. आकडा खरा आहे. मार्च २०२६ पर्यंत राज्याचं कर्ज तेवढं होईल असा अर्थसंकल्पातलाच अंदाज आहे. पण ज्याची बागायत पन्नास एकर त्याचं दहा लाख कर्ज आणि ज्याची कोरडवाहू दोन एकर त्याचं दहा लाख कर्ज, हे सारखं नसतं. राज्याच्या एकूण उत्पन्नाशी तुलना केली तर आपलं कर्ज १९ टक्क्यांच्या आसपास पडतं. पंजाबचं चाळीस टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे महाराष्ट्र बुडाला असं म्हणणारे अर्धवट सांगतायत.

काळजी दुसऱ्या ठिकाणी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याची महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी धरली आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी. तूट ४५ हजार ८९१ कोटी. महसुली खर्च म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं, रोजचा घरखर्च. म्हणजे रोजच्या किराण्यासाठी राज्य कर्ज काढतंय. वर व्याज साठ हजार कोटींच्या पुढं. त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाड्यात हाहाकार झाला, ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात ७५ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या आल्या. मार्चमध्ये धरलेला हिशेब डिसेंबरपर्यंत असा बदलत जातो.

राज्याला केंद्रासारखी मोकळीक नसते. नोटा छापणारी रिझर्व्ह बँक राज्याची नाही. किती कर्ज काढायचं त्याची मर्यादा केंद्र ठरवून देतं. मग खर्च वाढला की पहिली कात्री कशाला लागते? पगार थांबवता येत नाही, व्याज थांबवता येत नाही. थांबतात ती ठेकेदारांची बिलं. पाणी योजनेची टाकी बांधून उभी आहे आणि पाइपलाइन अर्धवट आहे, असं चित्र कितीतरी गावांत दिसतं, त्यामागं बऱ्याचदा हे कारण असतं. बिलं मिळावीत म्हणून २०२५ मध्ये ठेकेदार संघटनांनी आंदोलनं केली. गावातली माणसं ग्रामसेवकाला आणि सरपंचाला धारेवर धरतात, पण पैसा वरच अडकलेला असतो.

आणि मग बोट जातं लाडकी बहीण योजनेकडं. महिन्याला १५०० रुपये, वर्षाला ३६ हजार कोटींची तरतूद. निवडणुकीत २१०० रुपयांचं आश्वासन होतं, ते अजून आलेलं नाही. या योजनेमुळंच तिजोरी रिकामी झाली असं शहरी गप्पांत सर्रास ऐकू येतं. आमचं मत वेगळं आहे. ३६ हजार कोटी मोठी रक्कम आहे, ती निवडणुकीच्या तोंडावर घाईत, पडताळणी न करता वाटली गेली, आणि नंतर ई-केवायसी करून नावं कमी करायची वेळ आली, ही टीका योग्य आहे. पण हे १५०० रुपये गावाच्या किराणा दुकानात, पोराच्या वहीत, दवाखान्याच्या फीमध्ये जातात. कंपन्यांना वर्षाला दीड लाख कोटींच्या जवळ सवलत दिली तिला ‘प्रोत्साहन’ म्हणायचं आणि बाईच्या खात्यावरच्या दीड हजाराला ‘रेवडी’, हा शब्दांचा खेळ आहे. हिशेब करायचा तर दोन्हींचा एकाच वहीत करा.

श्रीलंकेत काय झालं

कर कमी आणि कर्ज जास्त, याचा शेवट कुठं होतो ते बघायला फार लांब जायला नको. श्रीलंकेत २०१९ च्या शेवटी गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी निवडणुकीत कबूल केल्याप्रमाणं कर कापले. आपल्या जीएसटीसारखा तिथला व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्के. लोक खूश झाले. पुढं कोरोना आला, पर्यटक बंद, डॉलर बंद. त्यांच्या कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये होता. डॉलर वाचवायला २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवरच बंदी घातली आणि सांगितलं की सगळी शेती सेंद्रिय करा, याच हंगामापासून. भात कोसळला, चहा कोसळला. काही महिन्यांत बंदी मागं घेतली, पण हंगाम गेला तो गेलाच.

एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेनं परदेशी कर्ज फेडणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. पेट्रोलसाठी लोक दिवसेंदिवस रांगेत, जुलैमध्ये जमाव राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यात, आणि राष्ट्राध्यक्ष विमानानं देशाबाहेर. सप्टेंबरमध्ये महागाई ७० टक्क्यांच्या जवळ. नाणेनिधीनं पुढच्या वर्षी तीन अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं, ते अटींवर. व्हॅट जो ८ टक्के केला होता तो जानेवारी २०२४ मध्ये १८ टक्के झाला. जागतिक बँकेच्या अंदाजानं एका वर्षात गरिबीचं प्रमाण १३ वरून २५ टक्क्यांवर गेलं.

आपलं तसं होईल असं आम्ही म्हणत नाही. आपलं कर्ज रुपयात आहे, डॉलरची गंगाजळी भक्कम आहे. पण कर कमी करताना टाळ्या कुणी वाजवल्या आणि नंतर १८ टक्के कुणी भरले, एवढं लक्षात घेण्यासारखं आहे.

कधीकाळी आपणच केलेली सोय

श्रीमंतांकडून घेऊन गरिबाला काम द्यायचं, हे सगळं परदेशी पुस्तकातलं आहे असं कुणी म्हणालं तर त्याला महाराष्ट्राचाच इतिहास सांगा. रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरपासून ज्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात जिनं लाखो माणसं जगवली, आणि जिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून राज्यात लागू झाला. पैसा कुठून आणला? १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारानं, व्यापाऱ्यानं महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून गावातल्या माणसाला बांधावर, पाझर तलावावर काम द्यायचं. राज्य सरकार त्यात आपली तेवढीच भर घालायचं. कुणाकडून घ्यायचं आणि कुणाला द्यायचं, दोन्ही एकाच कागदावर लिहिलेलं. अशी सरळ योजना पुन्हा फारशी झाली नाही.

त्या व्यवसाय कराचं आज काय झालंय ते बघा. राज्यघटनेत त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये आहे. ही मर्यादा १९८८ मध्ये ठरली, तेव्हापासून तशीच. आपल्या राज्यात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष वर्षाला २५०० रुपये भरतो. एमआयडीसीत बारा हजारांवर राबणारा गावचा पोरगा २५०० भरतो. त्याच कंपनीचा कोटीभर पगाराचा साहेबही २५००च भरतो. महिलांना पंचवीस हजार पगारापर्यंत माफी आहे. सदतीस वर्षांत सोनं कुठल्या कुठं गेलं, आमदारांचे पगार कुठं गेले, ही मर्यादा हलली नाही. ती हलवायला घटनादुरुस्ती लागते, आणि तसा आग्रह धरायला कुणी पुढं आलेलं नाही.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत. पण आधी मजुरीचा सगळा पैसा केंद्र द्यायचं, आता खर्चाचा ४० टक्के वाटा राज्यांनी उचलायचा आहे. ज्या राज्याला घरखर्चालाच ४५ हजार कोटी कमी पडतायत ते हा वाटा कुठून आणणार, याचं उत्तर मार्चच्या अर्थसंकल्पात शोधावं लागेल.

मग ३१ मार्चला काय करायचं?

आता आपल्या घरच्या प्रश्नावर येऊ, कारण बहुतेकांच्या मनात तोच आहे. ऑक्टोबरच्या शेवटी नागपूरला बच्चू कडूंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं आणि मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की कर्जमाफीचा निर्णय ३० जून २०२६ पूर्वी घेऊ. समिती नेमली आहे. पण कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी धरणार, नियमित भरणाऱ्याला काय देणार, हे काही सांगितलेलं नाही.

शेतकऱ्याची अडचण अशी. ३१ मार्चला नवं-जुनं केलं तर तो थकबाकीदार राहत नाही, मग माफीत बसेल का? नाही केलं तर शून्य टक्क्याची सवलत जाते. दोन लाखांच्या कर्जावर नुसतं सात टक्क्यानं धरलं तरी वर्षाचे चौदा हजार, शिवाय खरिपाला नवं कर्ज नाही, म्हणजे बियाणं-खताला पुन्हा सावकार. मागचा अनुभव असा की २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत ३१ मार्च २०१९ पर्यंत उचललेलं आणि ३० सप्टेंबर २०१९ ला थकलेलं दोन लाखांपर्यंतचं कर्ज माफ झालं. ज्यांनी वेळेवर भरलं त्यांना पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन कबूल केलं, ते प्रत्यक्ष खात्यावर यायला २०२२ उजाडलं.

लोक म्हणतात, माफीची सवय लागली, शेतकरी मुद्दाम भरत नाहीत. बँकांनी गेल्या दहा आर्थिक वर्षांत १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जं निर्लेखित केली, असं मार्च २०२५ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलं. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे, वसुली चालू राहते, हेही सरकारनं सांगितलं आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी बँकेबाहेर लावलेल्या थकबाकीदारांच्या यादीत बड्या उद्योगपतीचं नाव आपण कधी पाहिलेलं नाही.

सरकारला तिजोरीची अडचण आहे हे वर सविस्तर लिहिलंच. माफी द्यायची की नाही, किती द्यायची, यावर दोन मतं असू शकतात. पण थकबाकीची तारीख आणि नियमित भरणाऱ्याचं काय, एवढं दोन ओळींचं स्पष्टीकरण द्यायला तिजोरीतला एक रुपया लागत नाही. ते मार्चच्या अधिवेशनात, अर्थसंकल्पासोबत द्या, अशी मागणी आपल्या आमदाराकडं आत्ताच करायला हवी. तालुक्यातल्या सोसायट्यांचे सचिव आजच सांगतायत की शेतकरी येऊन एकच विचारतात, “भरू का थांबू?” आणि त्यांच्याकडं द्यायला उत्तर नाही. सरकारची तारीख ३० जून आहे, सोसायटीची ३१ मार्च.